भर चौकात कोयता निघतो, तेव्हा गर्दी का थिजते?

भर चौकात वार होतात. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं उभी असतात, दोन-तीन मोबाइल वर झालेले असतात, आणि संध्याकाळपर्यंत ती क्लिप नाशिकच्या सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक ग्रुपवर पोचलेली असते. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या: 'माणुसकी मेली', 'बघ्यांनाच आधी आत टाका', 'त्याचे हातपाय तोडा'. दोन दिवस गरमागरमी चालते, मग पुढची क्लिप येते.

गर्दी अशी का वागते याचा साठेक वर्षं नीट अभ्यास झालेला आहे. त्यातून निघालेलं उत्तर 'माणुसकी मेली' यापेक्षा बरंच कामाचं आहे. माणसं थिजतात त्याची कारणं मोजकी आहेत, आणि त्यातली बहुतेक एका वाक्यानं, एका फोननं किंवा एका ओढणीनं मोडता येतात. त्यासाठी कोयत्यासमोर छाती काढून उभं राहावं लागत नाही.

टाकी वाहतेय, मोटार कुणी बंद करायची?

अपार्टमेंटची टाकी भरून वाहायला लागली की पाण्याचा आवाज चारही मजल्यांवर जातो. तरी दहा-पंधरा मिनिटं मोटार चालूच राहते. तिसऱ्या मजल्याला वाटतं, खालचे बंद करतील. खालच्यांना वाटतं, चेअरमन घरीच आहेत. कुणी मुद्दाम पाणी वाया घालवत नसतं. स्वतंत्र बंगल्यातला माणूस मात्र पहिल्याच आवाजाला उठतो, कारण त्याच्याशिवाय उठणारं दुसरं कुणी नसतं.

रस्त्यावर हेच घडतं. मानसशास्त्रात याला 'बघ्यांचा परिणाम' म्हणतात: बघणारे वाढले की एकेका माणसाची हालचाल कमी होते. १९६८ मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाटाने या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला फीट आल्याचे आवाज ऐकवले. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के ते आवाज चालू असतानाच मदतीला उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होतं, आणि आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत फक्त ३१ टक्के.

त्यांचा दुसरा प्रयोग आपल्या चौकाच्या जास्त जवळचा आहे. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाच्या समोर भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. शेजारी संशोधकांचीच दोन माणसं ढिम्म बसवून ठेवली, तेव्हा सांगायला गेले फक्त १० टक्के. डोळे चोळत, खोकत लोक फॉर्म भरत राहिले. शेजारचे शांत आहेत, म्हणजे काळजीचं काही नसणार, असा हिशोब. खरी गोम अशी की प्रत्येक जण आतून घाबरलेला असतो आणि चेहरा मात्र निर्विकार ठेवतो. त्या निर्विकार चेहऱ्यांवरून सगळे मिळून चुकीचा निष्कर्ष काढतात.

तिसरं कारण साधं आहे: हसं होण्याची भीती. 'तुला कुणी बोलावलं होतं?' हे ऐकून घ्यायची कुणाचीच तयारी नसते.

'त्यांचं आपसातलं असेल'

हे वाक्य स्वतंत्रपणे बघायला हवं, कारण बाईवर हात उगारला जात असताना गर्दीला सगळ्यात जास्त हेच थांबवतं. १९७६ मध्ये अमेरिकेत एका अभ्यासात पुरुषानं बाईला मारहाण करण्याचा प्रसंग बेमालूम वठवला गेला. बाई 'मी तुला ओळखत नाही' असं ओरडली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. 'तुझ्याशी लग्न कशाला केलं' असं ओरडली तेव्हा १९ टक्के. मारहाण तीच, तिची ताकद तीच.

याचा व्यवहारातला उपयोग थेट आहे. अनोळखी माणूस अंगावर आला तर नुसतं 'वाचवा' ओरडू नका. 'मी याला ओळखत नाही, ११२ लावा' असं ओरडा. आणि बघणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं की नवरा असला, माजी मित्र असला, तरी रस्त्यावर मारणं हा गुन्हाच आहे. नातं कळल्यानं गुन्हा लहान होत नाही. उलट ओळखीचा माणूस ठरवून आलेला असण्याची शक्यता जास्त.

मग गर्दी नेहमी अशीच वागते का?

नाही. इथे या विषयातली सगळ्यात गाजलेली गोष्टच तपासून घ्यावी लागते. मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा घराजवळ खून झाला. ३८ जणांनी तो पाहिला आणि एकानंही काही केलं नाही, अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं छापली. वरचे प्रयोग त्या बातमीनंतरच झाले. पुढे तपासात दिसलं की सगळा प्रकार पाहणारे फारच थोडे होते, काहींनी फक्त ओरडणं ऐकलं होतं, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन तिला धरून बसली होती. २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्रानं आपल्या मूळ बातमीत दोष असल्याचं मान्य केलं. पण तोवर ती गोष्ट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली होती.

त्यानंतर शहरांत कॅमेरे आले आणि प्रयोगशाळेऐवजी खरा रस्ता बघता आला. ॲमस्टरडॅम, केप टाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहापैकी नऊ घटनांमध्ये किमान एक त्रयस्थ माणूस मध्ये पडलेला दिसला, आणि बघे जास्त तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना छेद देत नाहीत. एकेका माणसाची तयारी घटते, पण माणसं पुष्कळ असली की त्यातला एखादा तरी उठतो. या लोकांनी केलं काय? हात खाली करून 'शांत हो' अशी खूण केली, दोघांच्या मध्ये उभे राहिले, एकाला बाजूला ओढलं, मार खाल्लेल्याजवळ बसले. फिल्मी मारामारी जवळपास नाहीच.

आपल्याकडची भांडणं जी मिटतात, ती व्हिडिओत येत नाहीत. ठक्कर बझारच्या स्टँडवर रोज कुणीतरी कुणालातरी 'जाऊ दे ना भाऊ' म्हणत बाजूला घेत असतं. ते कोण शूट करणार? आपल्यापर्यंत पोचते ती फक्त फसलेली घटना, आणि तिच्यावरून आपण आख्ख्या शहराचा स्वभाव ठरवतो.

पण हत्यार निघालं की चित्र बदलतं

हे मान्य करायलाच हवं. जून २०२४ मध्ये वसईत भर रस्त्यात, सकाळच्या वर्दळीत एका तरुणानं तरुणीला लोखंडी पान्यानं मारलं. एक जण अडवायला पुढे झाला, हल्लेखोर त्याच्यावर उलटताच मागे सरला, आणि मग कुणीच पुढे आलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात येरवड्याला कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्यानं तरुणीवर धारदार हत्यारानं वार केले. लोक वर्तुळ करून उभे होते. त्यानं हत्यार टाकल्यावर मात्र जमाव त्याच्यावर तुटून पडला. दोन्ही तरुणी वाचल्या नाहीत.

याच्या उलट, जून २०२३ मध्ये पुण्याच्याच सदाशिव पेठेत कोयता घेऊन तरुणीमागे धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणानं धरलं. मग आणखी लोक धावले आणि ती वाचली. शहर तेच, हत्याराचा धाक तोच. फरक पहिल्या माणसाचा होता. पहिला माणूस हलला की 'सगळे शांत आहेत, म्हणजे काही नाही' हा हिशोब मोडतो.

तरीही 'तुम्हीही तसंच करा' असं सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत अंधेरीला छेडछाडीला विरोध करणाऱ्या दोन तरुणांचा भोसकून खून झाला. चार जणांना जन्मठेप झाली, पण २०१६ मध्ये. भीती खोटी नाही. म्हणून खालच्या गोष्टी हात न लावता करायच्या आहेत.

हत्यारवाल्यापासून किती लांब, आणि करायचं काय

हत्यार हातात असलेला माणूस साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. म्हणजे एका रिक्षापेक्षा दुपटीहून जास्त अंतर ठेवूनही तुम्ही त्याच्या टप्प्यात असता. यापेक्षा लांब राहा, आणि तुमच्या नि त्याच्या मध्ये काहीतरी जड येऊ द्या: उभी दुचाकी, हातगाडी, भाजीचे क्रेट.

मग आवाज. गाड्यांचे हॉर्न सलग दाबून ठेवा, शटर बडवा, त्याच्या तोंडावर हेडलाइट टाका. हल्लेखोराचं लक्ष दोन सेकंद हललं तरी समोरच्याला पळायला तेवढे पुरतात. पळणाऱ्याला हाक मारून जागा दाखवा, 'ताई, इकडे दुकानात', आणि आत घेऊन शटर खाली करा.

हल्लेखोराला मात्र चहूबाजूंनी घेरू नका. निसटायला वाट नसलेला माणूस समोर येईल त्याच्यावर चालवतो. एक बाजू मोकळी ठेवा. तो पळाला तर पळू द्या. दिशा, कपडे आणि गाडीच्या नंबरातले निदान शेवटचे चार आकडे लक्षात ठेवा. पाठलाग हे पोलिसांचं काम आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, गर्दीला उद्देशून ओरडू नका. 'अरे कुणीतरी फोन करा' हे वाक्य कुणालाच लागू होत नाही. बोट दाखवून एकेकाला काम द्या: 'निळा शर्टवाले दादा, तुम्ही ११२ लावा. काका, तुम्ही रिक्षा थांबवा. मावशी, त्या पोराला आत घ्या.' नाव घेऊन किंवा खूण सांगून काम दिलं की वाटली गेलेली जबाबदारी परत एका माणसावर येते, आणि सांगितलेला माणूस सहसा ते करतोच.

बऱ्याच भांडणांत हत्यार निघण्याआधी शिवीगाळ आणि ढकलाढकलीची काही मिनिटं असतात. मध्ये पडायची खरी वेळ तीच. तापलेल्या माणसाशी बोलण्यापेक्षा त्याच्या सोबत्याशी बोला: 'भाऊ, याला घेऊन जा, चहा पाजा.' सोबत्यालाही तेच हवं असतं, फक्त कुणीतरी तोंड उघडायला लागतं. तळहात उघडे ठेवा, छातीला छाती लावू नका, कोण चूक कोण बरोबर यात शिरू नका. अशा वेळी न्यायनिवाडा करायला गेलेला माणूस तिसरा भांडणारा होतो.

११२ वर काय सांगायचं

महाराष्ट्रात पोलिसांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. फोन लागतो तो राज्याच्या केंद्रात, तुमच्या पोलीस ठाण्यात नव्हे. तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. म्हणून पहिला शब्द 'नाशिक शहर', आणि मग ठिकाण. पलीकडच्या माणसाला 'आपल्या त्रिमूर्ती चौकात' म्हणून काही कळत नाही.

ठिकाण सांगताना नाशिककर एका जागी हमखास अडतात: मुंबई-आग्रा महामार्ग. द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगर या पट्ट्यात उड्डाणपुलावर, की खाली सर्व्हिस रोडवर, आणि मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला की धुळ्याकडे, हे सांगितलं नाही तर गाडी वरून निघून जाते आणि वळून यायला पुढचा उतार गाठावा लागतो. गल्लीत असाल तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचून दाखवा. 'हनुमान मंदिराजवळ' एवढंच सांगू नका, एकेका प्रभागात तशी चार असतील.

मग क्रमानं: काय चाललंय, हत्यार कोणतं, हल्लेखोर किती, जखमी किती, रक्त किती जातंय, ते अजून तिथेच आहेत की कुठे पळाले. 'मारामारी चालू आहे' आणि 'तीन जण, एकाकडे कोयता, एक जण रक्तबंबाळ' या दोन निरोपांना पोचणारी मदत सारखी नसते. फोन स्वतःहून ठेवू नका, आणि पुन्हा त्या क्रमांकावरून आला तर उचला. दुसऱ्या माणसाला रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगा. आधीच कुणीतरी केला असेल असं धरून चालू नका. दोन फोन गेल्यानं काही बिघडत नाही.

गाडी येईपर्यंतची दहा मिनिटं

हल्लेखोर गेल्यावर जखमीजवळ जायला सहसा फारसा धोका उरलेला नसतो, तरी माणसं गोल करून उभीच राहतात. बहुतेकांना काय करायचं ते माहीत नसतं, म्हणून. जास्तीत जास्त जीव मात्र इथेच वाचवता येतात.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. दोन लिटर गेलं की जीव धोक्यात, आणि मोठी रक्तवाहिनी कापली गेली असेल तर ही वेळ काही मिनिटांत येते. त्यामुळे पहिलं काम रक्त थांबवणं.

हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. ओढणी, टॉवेल, बनियन, जे स्वच्छ मिळेल त्याची जाड घडी जखमेवर ठेवा आणि दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबा. दहा मिनिटं सोडायचं नाही. चूक होते ती इथे: दर अर्ध्या मिनिटाला 'थांबलं का' म्हणून कापड उचलून बघितलं जातं, आणि गोठू लागलेलं रक्त पुन्हा वाहतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, खालचं काढू नका. हातापायाची जखम खोल असेल तर कापड आत कोंबून वरून दाबा.

एवढं करूनही हातातून किंवा पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, शरीराच्या बाजूला, पाच ते आठ सेंटिमीटरवर रुंद पट्टी बांधा. कोपरावर किंवा गुडघ्यावर नको. गाठीत पेन किंवा काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनानं लिहा. सुतळी किंवा वायर वापरू नका, ती कातडीत रुतते आणि रक्त मात्र थांबवत नाही. एकदा बांधलेली पट्टी दवाखान्यातच सुटायला हवी.

छातीवरच्या जखमेत काही कोंबू नका आणि ती घट्ट बंदही करू नका. जखमी शुद्धीवर असेल तर त्याला अर्धवट बसतं ठेवा. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडानं झाका. चाकू रुतलेला असेल तर काढू नका, तोच रक्ताला बूच लावून बसलेला असतो. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून तो हलणार नाही असं करा. हळद, कॉफी, चुना जखमेत भरू नका. आणि पाणी पाजू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण जखमी पाणी मागतो आणि कुणीतरी प्रेमानं बाटली लावतंच. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात पाणी असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. ओठ ओले करा, अंगावर चादर किंवा जॅकेट टाका.

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर रिक्षात घाला, पण दाब धरून बसणारा माणूस सोबत द्या. अमेरिकेत फिलाडेल्फियाचे पोलीस भोसकलेल्या माणसाला आपल्याच गाडीतून थेट दवाखान्यात नेतात, आणि त्यानं रुग्णांचं नुकसान होत असल्याचं दिसलेलं नाही.

'पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या'

खासगी दवाखान्याच्या दारात हे वाक्य ऐकू आलं तर सांगा: १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. प्राथमिक उपचार करून, रक्त थांबवून मग त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला पाठवणं वेगळं, आणि दारातूनच परत लावणं वेगळं.

इथे एक गल्लत नेहमी होते. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही, त्याच्यावर खटला होणार नाही, असं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आहे. ते रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे, कोयत्याच्या जखमीसाठी नाही. तिथे आधार आहे तो भारतीय न्याय संहितेचा: समोरच्याच्या भल्यासाठी, संमती घेता येण्याजोगी परिस्थिती नसताना, चांगल्या हेतूनं केलेली कृती कलम ३० नुसार गुन्हा ठरत नाही.

'पुढे कोर्टाच्या चकरा कोण मारणार?'

फोन करणारा, फिर्यादी आणि साक्षीदार ही तीन वेगळी माणसं असू शकतात. ११२ लावला म्हणून तुम्ही फिर्यादी होत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घेतला गेला तर पोलिसांनी लिहिलेल्या त्या जबाबावर तुमची सही घ्यायची नसते, तसा कायदाच आहे. महिला, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीपुढचे, गंभीर आजारी आणि अपंग व्यक्तींना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. जिवाला धोका असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तिला मान्यता दिली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) प्रत्येक राज्यावर अशा योजनेचं बंधन घातलं.

तरी चकरा लागतात, हे खरं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात तारखेला गेलं आणि 'आज होणार नाही' ऐकून परतलं, असं होतं. याला कायद्यात गोड उत्तर नाही.

दुसऱ्याच्या बचावासाठी बळ वापरलं तर? न्याय संहितेच्या कलम ३५ नुसार स्वतःच्याच नव्हे तर कुणाच्याही शरीराच्या बचावाचा अधिकार प्रत्येकाला आहे. मर्यादा कलम ३७ मध्ये: बचावाला लागेल तेवढंच. वार चालू असताना डोक्यात खुर्ची घातली तर तो बचाव. त्यानं हत्यार टाकलं, तो खाली पडला, त्यानंतरची प्रत्येक लाथ हा तुमचा गुन्हा. समोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडून ठेवू शकतो, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं.

आणि नुसतं बघत उभं राहणं हा गुन्हा आहे का? जर्मनीत आहे, तिथे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे मदत केली नाही म्हणून सर्वसाधारण शिक्षा नाही. खून, दरोडा अशा काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं मात्र कायद्यानं बंधनकारक आहे. 'बघ्यांनाच आत टाका' म्हणणाऱ्यांनी विचार करावा: तसं केलं तर पुढच्या वेळी मी तिथे होतो असं सांगायला कोण पुढे येईल?

शूटिंग करावं की नाही?

मोबाइल काढणाऱ्याला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. कोर्टात साक्षीदार फिरतो, चित्रण सहसा फिरत नाही. फक्त क्रम चुकतो. फोन आधी ११२ साठी, मग कॅमेऱ्यासाठी. दुसरं कुणी मदत करत असेल, तर शूट करणाराही मदतच करतोय.

चित्रण लांबून, आडवं धरून, न थांबवता करा. हल्लेखोराचा चेहरा, हत्याराचा हात, गाडीचा नंबर, दुकानाची पाटी. जखमीच्या वेदनांचा जवळून फोटो पुराव्याला लागत नाही. फाइल कापू नका, गाणं लावू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान होते आणि मूळ वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते, म्हणून मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. पुरावा म्हणून देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा ठरलेला नमुना आहे. ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरा: लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची किंवा गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मग ते कितीही संतापानं केलेलं असो.

धिंड बघायला मात्र सगळे असतात

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिक पोलिसांनी उघडलेल्या मोहिमेत आरोपींच्या तोंडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' वदवून घेणाऱ्या रील राज्यभर फिरल्या. लोकांना त्या आवडल्या, आणि का आवडल्या हे समजतं. गल्लीत ज्यांच्या नजरेला नजर द्यायची भीती वाटते, ते हात जोडून उभे दिसतात.

पण बघ्याची जागा तिथेही बदलत नाही. आधी वार बघितले, आता माफी बघितली. येरवड्यात हत्यार खाली पडल्यावर तुटून पडलेला जमाव हाच होता: धोका असताना लांब, धोका संपल्यावर जवळ. रील कितीही लाख लोकांनी बघितली तरी न्यायाधीशांसमोर ती शून्य. शिक्षा लागते ती चौकातल्या पानवाल्यानं, फळवाल्यानं, रिक्षावाल्यानं 'मी बघितलं, हाच होता' असं शपथेवर सांगितलं तर. ते फिरले की आरोपी सुटतो, आणि तोच माणूस गल्लीत जास्त रुबाबात परततो. लांबलेला खटला साक्षीदाराला थकवतो आणि आरोपीला त्याच्या दारापर्यंत जायला वेळ देतो. संतापायचंच असेल तर इतके दिवस तारखा का पडतात यावर संतापावं.

चौकातल्या दुकानदारांनी आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

घटना घडताना कुणी नवं काही शिकत नाही. पाच-सहा दुकानांनी मिळून एकदा बसून एवढं ठरवलं तरी पुरे: पहिला आवाज झाला की ११२ कुणी लावायचा, शटर कुणाचं उघडं ठेवायचं, दोन मोठे टॉवेल, रुंद पट्ट्या आणि हातमोजे कुठल्या दुकानात ठेवायचे. आपल्या जागेचा फोनवर सांगायचा पत्ता, बाजू आणि खुणेसकट, गल्ल्याजवळ लिहून चिकटवा. हात थरथरत असताना स्वतःच्या दुकानाचा पत्ता आठवत नाही.

कॅमेऱ्याचं एक काम दर महिन्याला करा. डीव्हीआरवरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरची) वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. कित्येक दुकानांत ती दहा-पंधरा मिनिटं, काही ठिकाणी आख्खे बारा तास चुकलेली असते, आणि आरोपीचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो. घटनेनंतर घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. फरक किती आहे ते पोलिसांना सांगा आणि पंचनाम्यात नोंदवून घ्या. हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, बहुतेक दुकानांत पंधरा ते तीस दिवसांत. पोलीस न्यायला आले नाहीत तर त्याच आठवड्यात ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.